वार्षिक पास आहे, तरी टोल कापला! बेळगावहून पुण्या-मुंबईला जाताना होणारा घोळ आणि त्यावरचा इलाज

पुण्याच्या पुढं, द्रुतगती मार्गावरच्या उर्सेच्या टोलनाक्यावर दांडकं वर गेलंच नाही. मागं हॉर्नचा कल्ला, शेजारी मामा. "पास काढलायस म्हणालास की रे," असं त्यांनी तीनदा ऐकवलं. पास होताच. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे सहा नाके आम्ही न थांबता पार केले होते. सातव्याला काचेवरचा फास्टॅग नाकारला गेला. खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, टॅगच्या वॉलेटमध्ये बेचाळीस रुपये आहेत. दुप्पट भरावे लागतील." रांगेतच मोबाईलवरून पाचशे टाकले, पण ते दिसायच्या आत आमची पाळी आली होती. दुप्पट भरले. ठाण्याच्या लग्नात मामांनी ही गोष्ट निदान दहा जणांना सांगितली.

चूक माझीच होती. पण परत आल्यावर टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर विषय काढला तर कळलं, की यात मी एकटा नाही. कुणाचा पास असून पैसे गेलेले, कुणाची गाडी दारात उभी असताना टोल कापलेला, कुणाच्या टॅगमध्ये हजार रुपये असून तो काळ्या यादीत. तेव्हापासून संध्याकाळी कुणी ना कुणी मोबाईल पुढं करतं, "हे बघा की ओ, परत पैसे कापूलालेत." तेच तेच प्रश्न, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रस्ता कुणाचा, हे आधी बघा

टॅग एक, काच एक, दांडकंही तसंच. त्यामुळं आपल्याला वाटतं, बेळगावपासून मुंबईपर्यंत सगळा एकच कारभार आहे. तसं नाही. बेळगाव ते पुणे हा राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे आपला जुना एन.एच. ४. त्याला केंद्राचे २००८ चे शुल्क नियम लागतात. पुण्याच्या पुढं यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग लागला, की मालक बदलतो. तो ९४.५ किलोमीटरचा रस्ता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. मुंबईचा अटल सेतू हे आणखी वेगळं प्रकरण, आणि वांद्रे-वरळी सी लिंक महामंडळाचीच.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. राज्याच्या, महापालिकेच्या किंवा खासगी रस्त्यावर तुमचा टॅग साध्या टॅगसारखाच वागतो आणि वॉलेटमधून पैसे घेतो. वॉलेट रिकामं असेल तर माझं झालं तेच होणार. पास आणि वॉलेट हे दोन वेगळे खिसे आहेत. पास काढला म्हणून वॉलेटमध्ये पैसे टाकायचं सोडू नका. पुण्याच्या पुढं जाणार असाल तर पाचशे-हजार त्यात पडून असू द्या.

दंडाचा हिशेबही मालकाप्रमाणं बदलतो. राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ ला आलेला नियम असा, की टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीनं दुप्पट, पण यूपीआयनं भरलं तर सव्वापट. म्हणजे शंभराचा टोल रोखीत दोनशे, मोबाईलवरून सव्वाशे. महामंडळाच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे आणि तिथं टॅगशिवाय कसंही भरा, रोख, कार्ड किंवा यूपीआय, दुप्पटच. उर्सेला मी "यूपीआयनं सव्वापट ना?" असा वाद घातला होता. तो पोरगा नुसता हसला. बरोबर होता तो.

पासाबद्दल आणखी एक हिशेब, कारण "परवडतो का ओ?" हे हमखास विचारतात. आपल्या रस्त्यावर प्रत्येक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. बेळगाव-पुणे वाटेत सहा नाके, जाऊन-येऊन बारा फेऱ्या. २०० फेऱ्यांत पुण्याच्या सोळा वाऱ्या बसतात. तीन हजारांच्या हिशेबानं एका नाक्याला पंधरा रुपये पडले. पोरं पुण्यात नोकरीला असतील आणि महिन्याला एखादी चक्कर होत असेल तर डोळे झाकून घ्या. वर्षातून दोनदा गणपती आणि दिवाळीला जाणार असाल तर हिशेब घालून बघा, मला तरी फायदा दिसत नाही. पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो. तो दुसऱ्या गाडीला लावता येत नाही आणि पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळतच नाही. टॅगवर नुसता चासी नंबर नोंदला असेल तरी मिळत नाही, आधी बँकेकडून गाडीचा पूर्ण नंबर चढवून घ्यावा लागतो. पास राजमार्गयात्रा ॲपवरून किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या (एनएचएआय) वेबसाइटवरून काढायचा. आपल्या वाटेवरचा नाका पासात बसतो की नाही, हेही ॲपवर दिसतं.

पैसे आहेत, तरी टॅग काळ्या यादीत

सगळ्यात जास्त तक्रारी याच. पहिला प्रश्न, पैसे नेमके कोणत्या टॅगमध्ये टाकले? आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या गाडीला दोन टॅग होते. गाडी घेताना शोरूमनं लावलेला एक आणि मिस्टरांनी नंतर मागवलेला दुसरा. एका गाडीला एकच टॅग हा नियम आल्यावर जुना बंद झाला, पण काचेवर तोच राहिला. पैसे नव्यात जात होते आणि नवा डॅशबोर्डच्या खणात. काचेवरचा सोळा आकडी नंबर आणि ॲपमधला नंबर जुळतो का बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि निम्मी प्रकरणं इथंच मिटतात.

पेटीएम पेमेंट्स बँकेचा जुना टॅग असलेले लोक अजूनही भेटतात. १५ मार्च २०२४ नंतर त्यात पैसे भरता येत नाहीत. तो सोडा, दुसऱ्या बँकेचा घ्या.

दुसरं कारण केवायसी. बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो, आपण तो जाहिरात समजून पुसतो, आणि महिनाभरानं नाक्यावर कळतं. आरसी बुकाचा किंवा गाडीच्या पुढच्या बाजूचा फोटो मागितला असेल तर द्या. पण मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, बँकेच्या ॲपमध्ये जाऊनच भरा. या नावाखाली फसवणूक करणारेही बरेच सुटलेत.

तिसरं कारण हातात धरलेला टॅग. काही जण काच खराब होईल म्हणून टॅग पाकिटात ठेवतात आणि नाका आला की काचेला धरतात. असे टॅग काळ्या यादीत टाकायचं धोरण जुलै २०२५ मध्ये आलं. आतून काचेवर, मधोमध, आरशाच्या मागं चिकटवा आणि विसरून जा.

चौथं कारण वेळेचं, त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. १७ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला नियम सांगतो, की टॅग वाचला जायच्या आधी तासाभरापेक्षा जास्त वेळ आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत तो काळ्या यादीत किंवा कमी शिलकीत असेल, तर व्यवहार नाकारला जातो. स्टेटमेंटमध्ये १७६ हा कोड दिसला तर समजा हेच. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची ताजी स्थिती लगेच मिळते, त्यामुळं तिथं ऐनवेळी भरलेले पैसे चालतात, असं महामार्ग प्राधिकरणानं तेव्हा सांगितलं होतं. राज्य महामार्गांवरच्या काही नाक्यांवर तेव्हा जुनीच पद्धत होती. म्हणजे कोगनोळीच्या रांगेत रिचार्ज केला आणि दांडकं उघडलं, म्हणून पुढच्या प्रत्येक नाक्यावर तसंच होईल या भरवशावर राहू नका. पैसे आदल्या रात्री टाका.

आता याच्या उलट. टॅग ठीक आहे, पैसे आहेत, पण नाक्याचं यंत्रच तो वाचत नाही. असं असेल तर दंड देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महामार्गावर टॅग वैध असेल, त्यात पुरेशी शिल्लक असेल आणि बिघाड नाक्याच्या यंत्रणेत असेल, तर गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. ॲपमधली शिल्लक आणि टॅग चालू असल्याचं दाखवा, आवाज न चढवता सांगा. हत्तरगीला मराठी चालते, कन्नडमध्ये बोललात तर आणखी लवकर चालते.

गाडी दारात, टोल कुठंतरी

यात घाबरायच्या आधी मेसेजमधली वेळ बघा. मेसेज आला तेव्हाची नाही, नाका ओलांडल्याची. नाक्यावरून व्यवहार बँकेकडे कधी कधी उशिरा जातो. रविवारी रात्री बेळगावात पोचलेल्या माणसाला सोमवारी सकाळी चहाच्या वेळी "टोल कापला" असं दिसतं आणि तो ओरडत सुटतो. स्टेटमेंटमध्ये दोन्ही वेळा असतात.

वेळ जुळत नसेल तर नाक्याचं नाव बघा. कधीही न गेलेल्या नाक्याचा टोल असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी हातानं गाडीचा नंबर टाकताना चुकलेलं असतं. केए २२ ऐवजी केए २३, किंवा शेवटचे दोन आकडे उलटे. शहापुरातल्या एका ओळखीच्याला असा तिकडं तमिळनाडूतल्या नाक्याचा मेसेज आला, त्याची गाडी तेव्हा गॅरेजात चाकं काढून उभी होती. त्यानं गॅरेजची पावती जोडून बँकेकडे तक्रार केली आणि पैसे परत आले. असल्या चुकीच्या कपातीसाठी महामार्ग प्राधिकरण नाका चालवणाऱ्या कंपनीला किमान एक लाख रुपये दंड करतं. म्हणून पन्नास-साठ रुपयांसाठी कशाला, असं म्हणू नका. तक्रार नोंदवा.

कुठं? राष्ट्रीय महामार्गाचा नाका असेल तर १०३३. फोन लागतो, भाषा निवडता येते. पैसे परत मिळवायची तक्रार मात्र टॅग देणाऱ्या बँकेकडेच करायची, नाक्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. पैसे नाक्याच्या गल्ल्यातून परत येत नाहीत, बँकेमार्फत येतात. मी एकदा एका बँकेकडे तक्रार केली, तर त्यांनी "नाक्यावर विचारा" म्हणून टोलवलं. टोलच्या बाबतीत टोलवणं हा शब्द फारच चपखल आहे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्या क्रमांकावर पुढं वरच्या पातळीवर तक्रार नेता येते.

जुनी गाडी विकली असेल तर तिचा टॅग बंद करा. हे कुणी करतच नाही. गोकाकच्या माणसाला गाडी विकून सहा महिने झाले आणि त्याच्या गोव्याच्या सहलीचा टोल आमच्या शेजाऱ्याच्या खात्यातून जात होता. टॅग फाडून काढला तरी बँकेत तो बंद झाल्याची खात्री करा.

जाऊन-येऊन, आणि सीमेवरची गंमत

कोल्हापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचा प्रश्न, "येताना कमी पैसे का कापले? पुढं एकदम काढतील काय?" नाही काढत. २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतलात तर दोन्ही मिळून एकेरीच्या दीडपट. जाताना पूर्ण, येताना निम्मे. घड्याळ तो नाका पहिल्यांदा ओलांडल्यापासून चालतं, तारखेवर नाही. शनिवारी सकाळी सहाला कोगनोळी ओलांडली आणि रविवारी अंबाबाईचं दर्शन उरकून सकाळी आठला परत आलात, तर पुन्हा पूर्ण टोल. दोन तासांसाठी.

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला महिन्याचा स्थानिक पास मिळतो. २००७-०८ साली त्याचा मूळ दर १५० रुपये होता, वाढत वाढत आता तो साडेतीनशेच्या घरात गेलाय. खानापूरकरांनी गणेबैलसाठी आणि निपाणी-कागलकरांनी कोगनोळीसाठी हा नक्की विचारावा. पर्यायी रस्ता किंवा सेवा रस्ता असेल तर मात्र नाकारू शकतात. आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्याच्या कार्यालयात जायचं. इथं अंतर मोजतात, राज्य नाही. कागल महाराष्ट्रात आणि नाका कर्नाटकात म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

मालवाहू टेम्पोची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती ऐकून आमच्या कट्ट्यावर जो वाद झाला तो अजून मिटला नाही. नाका ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला, नॅशनल परमिट नसेल तर, निम्म्या टोलाची सवलत आहे. कोगनोळी बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे तिथून शंभरावर किलोमीटर दूर, खानापूर तालुक्याच्या पार टोकाच्या केए २२ टेम्पोला सवलत, आणि नाक्याजवळच्या कागलच्या एमएच ०९ टेम्पोला नाही. किणीला नेमकं उलट. कोगनोळीचं नाव पेपरात टोलपेक्षा दुसऱ्याच कारणानं, सीमावादानं, येतं. पण त्या रेषेचा रोजचा खर्च बघायचा असेल तर ऊस-भाजीची वाहतूक करणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा. तुमचा टेम्पो सवलतीत बसत असूनही पूर्ण टोल जात असेल, तर नाक्यावर आरसी दाखवून सवलत नोंदवून घ्या. ती आपोआप लागत नाही.

दर वाढले म्हणून एप्रिलमध्ये ओरड होते, तीही चूक समजून. राष्ट्रीय महामार्गाचे दर दरवर्षी १ एप्रिलला बदलतात. तीन टक्के ठरलेली वाढ, वर घाऊक महागाईच्या चाळीस टक्के, आणि शेवटी पाचाच्या पटीत गोळाबेरीज. २०२४ ला लोकसभा निवडणुकीमुळं ती वाढ ३ जूनला लागू झाली होती.

मुंबईच्या तोंडाशी

"मुंबईत टोल माफ झाला" हा मेसेज अर्धा खरा आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर अशा पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. ट्रकला आहे. द्रुतगती मार्गाचा टोल मात्र तसाच आहे. १ एप्रिल २०२३ ला कारसाठी तो २७० वरून ३२० रुपये झाला.

फसतात ते मोबाईलच्या नकाशावर विसंबणारे. नकाशा सगळ्यात जलद वाट दाखवतो आणि दक्षिण मुंबईत जाताना गाडी अटल सेतूवर चढवतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलाला कारचा एकेरी टोल २५० रुपये ठरला, जाऊन-येऊन ३७५. वाशीमार्गे गेलात तर खाडी फुकट ओलांडता येते, फक्त तासभर जास्त लागतो. वांद्रे-वरळी सी लिंकला कारला एकेरी शंभर, त्याच्या पुढच्या किनारी रस्त्याला काही नाही. नकाशात टोल टाळण्याचा पर्याय असतो, पण तो बेळगावातून निघतानाच चालू केलात तर निपाणीच्या आधीच गावाकडच्या वाटांना लावेल. पनवेल आलं की मग चालू करा.

बंगळुरूच्या दिशेनं जाणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथला नाइस रोड खासगी आहे. वार्षिक पास चालत नाही आणि दुचाकीलाही पैसे पडतात, जे आपल्या महामार्गावर पडत नाहीत.

परवा मामा पुन्हा ठाण्याला निघाले. निघायच्या आदल्या रात्री फोन, "वॉलेटात किती टाकू?" म्हटलं, हजार टाका. "आणि पास?" तो त्यांनी काढलेलाच नव्हता. टॅग मात्र दुसऱ्याच एका भाच्याच्या नावावर, जुन्या मोबाईल नंबरावर. मेसेज कुणाला जात होते देव जाणे. रात्री साडेदहाला ॲप उघडून नंबर बदलायला बसलो.